बाजरी उष्ण की नुसती ताजी?

बाजरी उष्ण नसते, असं भाच्याचं म्हणणं. शंभर ग्रॅम बाजरीत साधारण ३६० कॅलरी, तेवढ्याच ज्वारीत साडेतीनशेच्या आसपास, आणि गहूही फार मागे नाही. एका धान्यानं पोटात शेगडी पेटवावी आणि दुसऱ्यानं ती विझवावी, एवढा फरक या आकड्यांत कुठं दिसत नाही. भाचा पुण्यातल्या एका रुग्णालयात आहारतज्ज्ञ आहे. दिवसभर लोकांच्या ताटातलं तूप कमी करणं हाच त्याचा व्यवसाय. त्यामुळे संक्रांतीच्या आठवड्यात मावशीकडे आला, तरी कामाची सवय सुटत नाही.

मावशी यावल तालुक्यातली. वय साठीच्या पुढे, चाळीस वर्षं घरच्या शेतीत गेलेली. वाद चालला होता तो बांधावर, भरिताची वांगी भाजता भाजता. शहरातल्या पाहुण्याला घरात बसवून भरीत वाढणं मावशीला कमीपणाचं वाटतं.

"उष्ण नाही म्हणतोस, तर भर वैशाखात पंधरा दिवस बाजरी खाऊन दाखव," मावशी म्हणाली. "तोंड आलं की फोन कर."

"राजस्थानात उन्हाळ्यातच बाजरीची राबडी पितात, मावशी. ताकात शिजवून, गार करून."

"ताक कशाला घालतात मग? उष्णता मारायलाच ना!"

या युक्तिवादाला उत्तर नाही. बाजरी बाधली तर ती उष्ण होती म्हणून, आणि नाही बाधली तर सोबतच्या ताकानं सांभाळून घेतलं म्हणून. आपल्याकडचा उष्ण-थंडाचा हिशेब असा दोन्ही बाजूंनी सुरक्षित असतो. पण म्हणून तो सगळाच टाकाऊ ठरत नाही. खाल्ल्यावर अंगात ऊब येते, हे भाचाही नाकारत नव्हता. त्याचा आक्षेप होता तो त्या उबेचं श्रेय एकट्या बाजरीला देण्यावर.

त्याच्या मते श्रेयाचे वाटेकरी तीन. पहिला वाटेकरी तवा. भाकरी चुलीवरून थेट ताटात येते, तिची धग आधी हाताला आणि मग घशाला लागते. दुसरा वाटेकरी ठेचा. मिरचीतलं कॅप्सायसिन आपल्या मज्जातंतूंवरच्या ज्या ग्राहीला जाऊन भिडतं, तोच ग्राही खरी उष्णताही ओळखतो. त्यामुळे मेंदूला चटका आणि तिखट यांतला फरक कळत नाही. हा ग्राही शोधून काढणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ सालचं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, आर्डेम पटापूटियन यांच्यासोबत. गंमत अशी की तिखटानं अंग तापल्याचा नुसता भास होतो, घाम येतो, आणि तो घाम वाळताना अंग उलट निवतंच.

"आणि तिसरा?"

"तिसरा म्हणजे पचन. अन्न पचवायलाही शरीराला ऊर्जा लागते, ती उष्णता होऊन बाहेर पडते. रोजच्या जेवणातल्या ऊर्जेचा साधारण दहावा हिस्सा असा जातो. प्रथिनं असतील तर वीस ते तीस टक्के. म्हणजे खरी ऊब हवी असेल तर बाजरीपेक्षा कुळीथ, म्हणजे तुमचा हुलगा, बरा; त्यात प्रथिनं जास्त."

"मग परवा रात्री मी हुलग्याचे शेंगोळे केले होते, ते तू तीन वाट्या कसे खाल्लेस?"

भाच्यानं वांगी उलटायला घेतली.

हे काम दिसतं तितकं सोपं नाही. जळगावकडची भरिताची वांगी फिकट हिरवी, पांढरट, चांगली मोठी. बिया कमी, गर जास्त. याच वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. जाळ कशाचा, तर कपाशीच्या पऱ्हाट्यांचा. वेचणी संपत आली की उपटलेली झाडं वाळून बांधावर पडलेली असतात. त्यांचा जाळ भडकतो झटकन आणि बसतोही लवकर, म्हणून कुणीतरी सतत समोर हवंच. साल पुरती काळी पडली, देठाजवळ रस सुटून चुरचुरू लागला की वांगं बाहेर. मग साल सोलायची, हिरव्या मिरच्या आणि लसूण घेऊन गर लाकडी भांड्यात ठेचायचा. चिरायचा नाही, मिक्सरला तर दाखवायचाही नाही. वर तेलाची फोडणी, तिच्यात शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याचे काप, मूठ-मूठ कांद्याची पात. सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारीत अख्खे उडीद आणि मीठ घालून दळलेल्या पिठाची, किंवा पुऱ्या.

मावशीनं तेलाची किटली वाकडी केली आणि भाच्याला राहवलं नाही.

"शंभर ग्रॅम वांग्यात जेमतेम पंचवीस कॅलरी. एका मोठ्या चमच्यातल्या तेलात एकशेवीस. वांगं बिचारं निष्पाप आहे गं, सगळा गुन्हा या किटलीचा."

"तेल नसलं तर भरीत घशाखाली उतरेल का?"

"उतरेल. माझ्या सासुरवाडीला पोपटी करतात, तिच्यात थेंबभर तेल नसतं."

भाच्याची सासुरवाडी पेणची, आणि पोपटीचा विषय निघाला की तो तूप-तेलाचा हिशेब विसरून रंगात येतो. रायगडात भात कापून झाला की त्याच शेतात राहिलेल्या ओलीवर वाल पेरतात. जानेवारी-फेब्रुवारीत शेंगा भरतात. पडीक जमिनीत आणि बांधावर भांबुर्डा याच दिवसांत माजलेला असतो. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, जाडं मीठ, ओवा, मध्ये बटाटे, अंडी, कुणाला चालत असेल तर मसाला लावलेली कोंबडी, आणि तोंडाशी पुन्हा पाला ठासलेला. मडकं जमिनीवर पालथं घालून भोवती पेंढा आणि काटक्या पेटवतात. पाणी नाही, तेल नाही. पाल्याच्या आणि शेंगांच्या ओलाव्यावर अर्ध्या-पाऊण तासात सगळं वाफवून निघतं आणि भांबुर्ड्याचा उग्र वास शेंगांत उतरतो.

मावशीनं सगळं ऐकून घेतलं. "चांगलं लागत असेल," ती म्हणाली, "पण भात कापणीनंतर तिथं वाल येतो म्हणून ते वाल खातात. आमच्याकडं कपाशी-भुईमूग. भुईमूग आहे म्हणून तेल आहे. तुझ्या सासूबाईंच्या शेतात भुईमूग पिकत असता तर त्यांनीही मडक्यात तेल ओतलं असतं."

खरं तर वादाचा निकाल इथंच लागायला हवा होता, कारण मावशी नकळत बाजरीच्या उष्णतेचा प्रश्न सोडून नेमक्या मुद्द्यावर आली होती. महाराष्ट्रात ज्याला आपण थंडीचं खाणं म्हणतो, ते मुळात सुगीचं खाणं आहे. बाजरी पेरायची जून-जुलैत, काढायची सप्टेंबर-ऑक्टोबरात. दिवाळीच्या सुमारास नवं धान्य घरात येतं. तीळ त्याच हंगामाचे, भुईमूगही. उसाचं गाळप दिवाळीच्या आगेमागे सुरू होतं, म्हणजे संक्रांतीच्या गुळपोळीतला गूळ नवा. तुरीच्या हिरव्या शेंगा, पावटा, ओला हरभरा, गाजर, मेथी, पात, बोरं ही सगळी याच दोन-अडीच महिन्यांची. भोगीच्या भाजीत जे जे पडतं आणि तिळाच्या भाकरीबरोबर जे लोणी येतं, त्याची यादी म्हणजे जानेवारीतल्या शिवाराचा पंचनामाच. जळणसुद्धा हंगामाचं असतं: खानदेशात पऱ्हाट्या, कोकणात पेंढा.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात ऋतुचर्येचा अध्याय आहे. त्यात हेमंतात काय खावं ते सांगितलंय: दूधदुभतं, उसाचे पदार्थ, वसा, तेल आणि नव्या तांदळाचा भात, वर प्यायला गरम पाणी. स्निग्ध आणि जड खाण्याची शिफारस सगळ्यांच्या लक्षात राहते. 'नव्या' या शब्दाकडे मात्र सहसा कुणाचं लक्ष जात नाही.

बाजरीच्या बाबतीत हे नवेपण फारच महत्त्वाचं. बाजरीत पाच टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश असतो, गहू-तांदळापेक्षा बराच जास्त. दाणा अख्खा असतो तोवर तो सुरक्षित. एकदा दळला की पिठातलीच विकरं त्या स्निग्धांशाचं विघटन करू लागतात आणि थोड्याच दिवसांत पीठ कडू पडतं. हवा गरम असेल तर आणखी लवकर. उन्हाळ्यात बाजरी मागे पडते, त्यामागे हे पिठाचं कडूपण निम्मं तरी असणार. मावशी आठ दिवसांचंच दळण आणते, कधी त्याहून कमी. 'पीठ कडू होतं' एवढंच तिचं कारण, आणि ते शास्त्राच्या दृष्टीनं पुरेसं आहे.

भाचा मात्र सुगीच्या मुद्द्यावर अर्धाच वळला. धान्य नवं असेल, भाजी ताजी असेल, सगळं मान्य. पण ते खाणारं शरीर जुनं राहिलेलं नाही, हे त्याचं ठाम मत.

"तुम्ही दिवसभर शेतात राबायचा. माझ्याकडं येणारा माणूस दहा तास खुर्चीत असतो, आणि घरी डिंकाचे, मेथीचे, अहाळिवाचे तीन डबे भरलेले असतात. रोज सकाळी प्रत्येकी एक. कशासाठी विचारलं तर थंडी आहे ना! पुण्यात थंडी असते तरी किती?"

मग त्यानं एक अमेरिकी अभ्यास सांगितला. २००० साली प्रसिद्ध झालेला. १९५ प्रौढांची वजनं सणासुदीच्या दिवसांत, नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत, तपासली होती. सरासरी वाढ निघाली ३७० ग्रॅम.

"अर्धा किलोसुद्धा नाही! एवढ्यासाठी माणसं वजनकाट्यावर उभी केली?"

"पुढचं ऐक. ते वजन नंतर उतरलं नाही. दर हिवाळ्यात एवढं चढलं तर वीस वर्षांनी सात किलो होतात."

मावशी जरा विचारात पडली. मग जे बोलली, त्यावर भाच्याकडे पटकन उत्तर नव्हतं. शेतीपंपाला आठवड्यातले काही दिवस रात्रीची लाईट असते. रात्री मोटार सुरू करून गव्हाला, हरभऱ्याला पाणी द्यायचं तर माणूस पहाटेपर्यंत गुडघाभर ओल्यात असतो. पाट फोडायचा, दारं धरायची, परत बांधायचा. जानेवारीत खानदेशात पारा दहाच्या खाली जाणं नवलाचं नाही. विदर्भात तर २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरला साडेतीन अंश नोंदले गेले. "अशा रात्री दोन वाजता बांधावर डिंकाचा लाडू खाणाऱ्याला तू काय सल्ला देशील? सॅलड खा म्हणून?"

"त्याला दोन खा म्हणेन," भाचा म्हणाला. "कुडकुडणाऱ्या शरीराला ऊर्जा खरंच जास्त लागते. कुडकुडणं म्हणजेच स्नायूंनी उष्णता तयार करणं. पण त्याचा लाडू माझ्या पेशंटनं का खावा?"

लाडवाच्या बाबतीत भाच्याची बाजू भक्कम आहे, हे सांगायला हवं. डिंकाला आपण ताकदीचा म्हणतो. बाभळीचा, धावड्याचा डिंक म्हणजे बहुतांशी विद्राव्य तंतू. तो पोटात फारसा पचतही नाही आणि ऊर्जाही थोडीच देतो. लाडवातली ताकद येते ती तुपातून, गुळातून, खोबऱ्यातून आणि खारकेतून. एका लाडवात दहा ग्रॅम तूप धरलं तरी नव्वद कॅलरी नुसत्या तुपाच्या. डिंक तुपात टाकला की लाहीसारखा फुलतो आणि दाताखाली चुरचुरतो, ते त्याचं खरं काम. आणि ते काही थोडंथोडकं नाही. तो नसता तर इतकं तूप आणि खोबरं घशाखाली उतरवणं जड गेलं असतं. शिवाय हे लाडू मुळात होते बाळंतिणीसाठी. अंगावर दूध पाजणाऱ्या बाईला रोजच्यापेक्षा चार-पाचशे कॅलरी जास्त लागतात. तिच्या खुराकाचा डबा सगळ्या घरानं कधी वाटून घेतला कोण जाणे.

"पण बाजरीवर तुझा राग का?" मावशीनं पुन्हा मूळ प्रश्नावर आणलं.

राग नव्हताच. बाजरी उष्ण म्हणून खाऊ नका, लोहासाठी खा, एवढंच त्याचं सांगणं. राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि हैदराबादजवळची इक्रिसॅट ही संस्था यांनी मिळून 'धनशक्ती' नावाचा जास्त लोहाचा बाजरीचा वाण काढला, तो २०१२ साली महाराष्ट्रात प्रसारित झाला. ग्रामीण महाराष्ट्रातल्या निवासी शाळांतल्या बारा ते सोळा वर्षांच्या मुलामुलींना जास्त लोहाच्या बाजरीची भाकरी दिवसातून दोनदा देऊन बघितली, तेव्हा काही महिन्यांत त्यांच्या शरीरातला लोहाचा साठा सुधारला. हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. एक पथ्य मात्र भाचा सांगतो. नुसत्या बाजरीवरच जगणाऱ्या आणि आयोडीन कमी पडणाऱ्या लोकांत थायरॉइडचा त्रास आढळलेला आहे. मीठ आयोडीनयुक्त असेल आणि ताटात इतर धान्यंही असतील, तर घाबरण्याचं कारण नाही.

"म्हणजे खायचीच. मग उष्ण म्हणून खाल्ली काय नि लोह म्हणून खाल्ली काय," मावशी म्हणाली.

वाद निवळेल असं वाटत असतानाच भाच्यानं हुरड्याचा विषय काढला. परतीच्या वाटेवर नगरजवळ कुठल्याशा हुरडा पार्टीला जायचा त्याचा बेत होता. हुरड्यापायी लोक निदान शेतापर्यंत तरी जातात, याचं त्याला कौतुक. मावशीनं असली एक पार्टी पाहिलेली होती.

"झोपाळे, बैलगाडी, वर मिसळ, वर पिठलं-भाकरी, वर जिलेबी. हुरडा कोपऱ्यात. वाटीभर. तोही गार."

हुरड्याला गारपणाइतका दुसरा शत्रू नाही. रब्बी ज्वारीचं कणीस दुधात असताना दाण्यात साखर असते. दाणा पक्व होत जाईल तशी तिची पिठूळ स्टार्च होत जाते. मधले मोजके दिवसच हुरड्याचे. गोवऱ्यांच्या आगटीत कणीस खुपसायचं, फुफाट्यात भाजायचं, गरम असतानाच हातावर चोळायचं, फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि लसणाच्या नाहीतर शेंगदाण्याच्या चटणीबरोबर तिथल्या तिथे तोंडात टाकायचं. चोळणाऱ्याचे तळवे लाल होतात. पाच मिनिटं थांबलात तर दाणा कडक आणि मजा संपली. गूळभेंडी, सुरती हे हुरड्याचे जुने वाण. राहुरीनं खास हुरड्यासाठी 'फुले उत्तरा'सारखा वाणही दिलाय.

भाच्याचा मुद्दा असा, की पार्टी का असेना, तिच्यामुळे कुणीतरी हुरड्याची ज्वारी पेरतो. राज्यातलं ज्वारीचं क्षेत्र गेल्या काही दशकांत बेसुमार घटलंय. जिथं सोयाबीन, ऊस आणि कापूस सगळं रान खाऊन बसलेत, तिथं हुरड्याच्या गिऱ्हाइकामुळे दोन-चार एकर ज्वारी टिकत असेल तर झोपाळ्यांकडे दुर्लक्ष करावं. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं. परिसंवाद झाले, मेळावे भरले. पण भाव मिळाल्याशिवाय शेतकरी ज्वारी पेरणार नाही, हे सांगायला परिसंवादाची गरज नव्हती.

यावर मावशी गप्प राहिली. तिच्याही शेतात ज्वारीचा तुकडा आता घरापुरताच आहे, बाकी बहुतेक केळी. भरिताबरोबरच्या भाकरीचं कळणं त्याच तुकड्यावर अवलंबून.

निकाल द्यायचाच झाला तर असा देता येईल. उष्णतेच्या वादात भाचा बरोबर आहे, थंडीचं खाणं थंडीतच का, या वादात मावशी. लाडवांचा डबा कुणाच्या हातात द्यायचा, हे खाणारा रात्री कुठं उभा असतो त्यावर ठरवावं. भरिताच्या तेलाबद्दल मात्र दोघांचं जमणार नाही, आणि जमूही नये. तेल मोजून घातलेलं भरीत खाल्लं तर फरक पहिल्या घासालाच कळतो.

वाचकांना सांगायचं ते थोडंच. बाजरीचं पीठ बंद पाकिटातलं घेऊ नका, त्यावर दळल्याची तारीख असली तरी. धान्य घ्या आणि आठवड्यापुरतंच दळून आणा. भरिताची वांगी फेब्रुवारीपर्यंत बाजारात असतात. गॅसवर भाजणार असाल तर आच मध्यम ठेवा आणि वांग्याला आधी दोन-चार चिरा द्या, नाहीतर ते फुटतं. हुरड्याला जाणार असाल, तर जेवणाचं ताट वाढून घेण्याआधी आगटीपाशी जाऊन बसा.